आषाढाचे आभाळ आणि साबुदाण्याची खळ

आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, आषाढाचे जलरंगातले चित्र करायला बसले आणि पहिल्याच वॉशला, म्हणजे पातळ रंगाच्या पहिल्याच पसरट हाताला, कागदाने दगा दिला. वरळी कोळीवाड्याच्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या, त्यांच्यावर बांधलेली निळी ताडपत्री आणि वर दोन तृतीयांश कागदभर आभाळ, अशी रचना ठरली होती. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना यांचा जो करडा रंग साधायला मला दोन पावसाळे लागले, तो त्या दिवशी वाटीत हवा तसा उतरला होता. कागद ओला केला, बोर्ड तिरका केला, मोठ्या ब्रशने पहिला पट्टा ओढला आणि अर्ध्या मिनिटात त्या पट्ट्यात मोहरीएवढे गडद ठिपके उमटू लागले. रंग पसरत नव्हता, जागच्या जागी आत शिरत होता. मिसळवण्यासाठी ब्रश फिरवला तसे ठिपके वाढून एकमेकांना मिळाले आणि आभाळाच्या जागी देवी आलेल्या त्वचेसारखा पृष्ठभाग तयार झाला. टिश्यूने टिपले तरी डाग हलले नाहीत, कारण रंग कागदाच्या वर राहिलाच नव्हता.

हे चित्र मी गुढीपाडव्याला सुरू केलेल्या मालिकेतले आहे. दर मराठी महिन्याला पाव शीटवर एक चित्र, आणि यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे एकूण तेरा. चैत्रातली पिंपळाची तांबूस पालवी, वैशाखातला बहावा, अधिक ज्येष्ठातला गुलमोहर आणि निज ज्येष्ठातला पहिला पाऊस ही चार चित्रे झाली आहेत. बहाव्याचे चित्र माझ्या आजवरच्या चित्रांत सर्वांत समाधानाचे आहे. घोसांतल्या पाकळ्यांसाठी कागद कोराच राखून त्यावर लेमन यलोचा एकच पातळ थर दिला, सावलीत किंचित जांभळा मिसळला, आणि हात आवरता घेतला.

पहिला संशय माझ्या हातांवर गेला. हाताचे तेल किंवा क्रीम लागले तर तिथे रंग धरत नाही, पण असे डाग फिके राहतात, माझे गडद होते. मग पाणी बदलले, ब्रश साबणाने धुतले आणि त्याच गठ्ठ्यातल्या दुसऱ्या तुकड्यावर नुसत्या स्वच्छ पाण्याचा पट्टा ओढून तो खिडकीच्या उजेडात तिरका धरला. चांगल्या कागदावर पाण्याची चमक एकसारखी दिसते आणि हळूहळू सगळीकडे एकाच वेळी उतरते. इथे चमकत्या पृष्ठभागावर पाचसहा ठिकाणी चमक आधीच विझली होती आणि तिथे कागद राखाडी झाला होता. म्हणजे कागदाने पाणी लगेच पिऊ नये म्हणून त्याला दिलेले साइझिंग गेले होते. मग मला निज ज्येष्ठाच्या चित्रातला डावा कोपरा आठवला. तिथले बारीक ठिपके मी पावसाच्या तुषारांचा परिणाम मानून कौतुकाने तसेच ठेवले होते. कागद तेव्हाच सांगत होता, मला ऐकू आले नाही.

नव्याने हात घालणाऱ्यांसाठी हे थोडे विस्ताराने लिहिते. सुती कागदाचे तंतू टीपकागदासारखे पाणी पितात. ते रोखण्यासाठी कारखान्यात लगद्यातच एक द्रव्य मिसळतात आणि पारंपरिक पद्धतीच्या चांगल्या कागदांना वरून जिलेटिनच्या पातळ द्रावणाचे स्नानही घालतात. रंग काही क्षण वर तरंगतो, पसरतो, दुसऱ्या रंगात मिसळतो तो या थरामुळे. चित्रकार सा. ल. हळदणकरांचे मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातले दिवा धरलेल्या स्त्रीचे चित्र अनेकांना तैलरंगातले वाटते, पण ते जलरंगात आहे, आणि थरावर थर देऊन आणलेला तो उजेड साइझिंग भक्कम नसलेल्या कागदावर येणे शक्य नाही. मात्र जिलेटिन हे प्राणिज प्रथिन असल्यामुळे दीर्घकाळच्या दमटपणात ते सैल होते आणि बुरशीला आयते अन्न मिळते. मुंबईत एकट्या जुलैमध्ये सरासरीने ८०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि पाऊस थांबलेल्या तासांतही हवेतली ओल फारशी उतरत नाही. माझा गठ्ठा माळ्यावर, बाहेरच्या भिंतीला टेकून होता. त्या भिंतीला जूनअखेरीस ओल येते हे मला ठाऊक असूनही मी तो तिथे ठेवला.

गेल्या दिवाळीत ३०० जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या, कोल्ड प्रेस (किंचित खरखरीत दाण्याच्या) कागदाच्या दहा पूर्ण शीट्स घेतल्या होत्या. त्यांचे चाळीस तुकडे झाले, त्यांतले आठ वापरले. उरलेल्या बत्तीसच्या कोपऱ्यावर पाण्याचा पट्टा ओढून पाहिला तेव्हा सात धड निघाले आणि पंचवीस गेलेले. ज्या दुकानातून कागद घेतला तिथे चौकशी केली, तर ‘पावसात असं होतंच’ एवढेच उत्तर मिळाले. गठ्ठा सुटा विकताना कागद किती काळ पडून होता आणि कोणत्या बाजूने वापरायचा हे सांगण्याची पद्धत आपल्याकडे नाही. महाग कागद घेणाऱ्या हौशी माणसाला एवढी माहिती मिळाली पाहिजे असे माझे ठाम मत आहे. यापुढे मी पाच शीट्सपेक्षा जास्त साठा करणार नाही आणि घेताना दुकानातच एका कोपऱ्याला पाण्याचे बोट लावून पाहीन.

पंचवीस तुकडे फेकवेनात, म्हणून पुन्हा साइझिंग करायचे ठरवले. लिटरभर पाण्याला वीस ग्रॅम जिलेटिन, आधी थंड पाण्यात वीस मिनिटे भिजवून मग पन्नासेक अंशांपर्यंत गरम करायचे. उकळी येऊ द्यायची नाही, उकळल्याने त्याची ताकद कमी होते. जुन्या कृतींत यात तुरटी घालत असत, कारण तिने जिलेटिन कडक होते, पण तुरटीमुळे कागद आम्लधर्मी होऊन कालांतराने ठिसूळ पडतो म्हणून ती टाळली. आमच्या घरी सासूबाईंच्या स्वयंपाकघरात जिलेटिन शिजणे योग्य नव्हते, तेव्हा बाल्कनीत वेगळी इलेक्ट्रिक किटली आणि वेगळे पातेले घेऊन हे काम केले. चार तुकड्यांना दोन्ही बाजूंनी रुंद ब्रशने लेप दिला आणि दोरीवर चिमट्यांनी टांगले.

हवेत इतकी ओल होती की दीड दिवसानंतरही ते हाताला गार लागत होते. तिसऱ्या दिवशी गोडसर, कुबट वास आला आणि दोन तुकड्यांच्या कोपऱ्यांवर करड्या बुरशीचे टिंब दिसले. कागदात बुरशी आधीच शिरलेली असावी आणि मी तिला नवे जेवण वाढले. तिसरा तुकडा वाकडा वाळला. चौथा मात्र रात्रभर एसीच्या खोलीत पंख्याखाली ठेवला होता आणि तो उत्तम निघाला, त्याच्यावरचा वॉश नव्या कागदासारखा उतरला. म्हणजे उपाय खरा आहे, अडचण वाळवण्याची आहे. पण झोपायच्या खोलीत रोज रात्री ओले कागद टांगणे घरातल्या कोणालाच परवडणारे नव्हते. बुरशीवर ओव्याचे सत्त्व, म्हणजे थायमॉल, वापरावे का असाही विचार झाला. पूर्वी ग्रंथालये आणि संग्रहालये त्याची धुरी देत असत, परंतु ते माणसांच्या प्रकृतीला अपायकारक आहे आणि माणसे राहतात त्या दोन खोल्यांत मी ते आणणार नाही.

मार्ग निघाला तो पहिल्या श्रावणी सोमवारच्या आदल्या संध्याकाळी. आई, म्हणजे सासूबाई, उपासाचा साबुदाणा निवडत होत्या आणि मी शेजारी बसून कागदाचे रडगाणे सांगत होते. त्या म्हणाल्या, “अगं, कागद मऊ पडला असेल तर खळ घाल की. सुती साडी पावसात कधी दोरीवर वाळते का? खळ घालायची, अर्धवट ओली असतानाच इस्त्री फिरवायची, की झाली कडक.” मी थोडा वेळ गप्पच बसले, कारण आपल्या भागातला जुना हातकागद असाच तयार होत असे हे मी वाचले होते आणि तरीही मला ते सुचले नव्हते. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा आणि जुन्नरचा कागद मराठेशाहीच्या दप्तरांत वापरला जाई. अशा हातकागदाला पिठाची खळ देत आणि अकीकासारख्या गुळगुळीत दगडाने घोटत, म्हणजे बोरूची शाई फुटत नसे. जलरंग आणि शाई यांची कागदाकडून अपेक्षा बरीचशी सारखीच असते.

एक चमचा साबुदाणा दोन कप पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवला आणि मलमलीतून गाळला. पहिल्या प्रयोगात खळ इतकी पातळ झाली की पाणी पूर्वीसारखेच आत गेले. दुसऱ्यात ती जाड झाली, कागदाला चकाकी आली आणि रंग तेलकट ताटलीवर पडल्यासारखा आकसून गोळा झाला. तिसऱ्यांदा गाळलेल्या खळीत तेवढेच पाणी मिसळले, ब्रशने एक आडवा आणि एक उभा हात दिला, कागद ओलसर असतानाच वर जुने सुती धोतर पसरून मध्यम गरम इस्त्री फिरवली. दहा मिनिटांत कागद कोरडा आणि सपाट झाला. जिलेटिनला ही सोय नाही, ते गरम इस्त्रीने वितळते. शेवटी बटर पेपर ठेवून मोठ्या कवडीच्या पाठीने हलकेच घोटले. फार दाबू नये, नाहीतर कोल्ड प्रेसचा दाणा बसतो.

त्या तुकड्यावर तोच करडा वॉश टाकला. पट्ट्याच्या खालच्या कडेला रंगपाण्याची जाड, फुगीर कड धरली गेली आणि बोर्डाच्या उतारावरून ती ब्रशच्या मागोमाग न तुटता खाली आली. वाळताना अल्ट्रामरीनचे कण दाण्याच्या खळग्यांत बसले आणि ढगाला तो खरखरीत, भरलेला पोत आला. एकही ठिपका नव्हता. मी आईंना हाक मारून दाखवले आणि त्यांनी बोटाने कागद चाचपून “चांगली बसली आहे खळ” असे म्हटले, त्या वाक्याचा आनंद अजून ओसरलेला नाही.

मात्र दुसऱ्या दिवशी याच आभाळावर गडद थर द्यायला गेले तेव्हा खालचा रंग सुटून वर आला. स्टार्च पुन्हा भिजतो आणि स्वतःवरचा रंग सोडून देतो. त्यामुळे खळीच्या कागदावर थरांचे काम होणार नाही, जे करायचे ते एकाच बैठकीत, ओले असतानाच. पहिल्यांदा मन खट्टू झाले, मग लक्षात आले की रंग इतका सहज सुटत असेल तर तो मुद्दाम उचलताही येईल. पिळून घेतलेल्या चपट्या ब्रशने तिरक्या रेषा ओढल्या आणि आभाळात पावसाच्या सरी उजळल्या. धड कागदावर यासाठी कोरी जागा झाकून राखणारे मास्किंग फ्लुइड लागते, आणि त्याने राखलेल्या रेषांची कडा नेहमी कापल्यासारखी दिसते. या सरी मऊ आहेत. म्हणून आषाढाचे चित्र आता याच पद्धतीने होईल, आभाळ एका हातात आणि होड्यांच्या ताडपत्रीसाठी थोडा गुवाश, म्हणजे अपारदर्शक जलरंग.

यामुळे कागदांची वाटणी बदलली. धड सात आणि जिलेटिनचा एक असे आठ तुकडे थरांच्या चित्रांसाठी राखून ठेवते: श्रावणातले हिरव्यावरचे हिरवे, आणि फाल्गुनात विक्रोळीजवळ द्रुतगती मार्गाच्या कडेने फुलणारा गुलाबी टॅबेबुया, ज्याला तीन पातळ थरांशिवाय तो नाजूकपणा येत नाही. भाद्रपदात गणपतीच्या कार्यशाळेतल्या शाडूच्या मूर्ती काढायच्या आहेत. त्यांना मऊ, पुसट कडाच शोभतील, म्हणून तिथे खळ.

साठवणीचीही व्यवस्था बदलली आहे. सर्व कागद आता हॉलमधल्या स्टीलच्या कपाटात, झिपच्या मोठ्या पिशव्यांत, सिलिका जेलच्या पुड्यांसह आहेत. निळ्या जेलचे खडे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवते. खळ लावलेले तुकडे वेगळ्या पिशवीत आहेत, कारण स्टार्च कसरीला आणि झुरळांना आवडतो. पेटीतल्या रंगांच्या वड्यांवरही बुरशी आली होती, ती पुसून पेटी पंख्याखाली उघडी ठेवते. मध घातलेले रंग मी पावसाळ्यात पूर्ण बंद केले आहेत, ते येथे वाळतच नाहीत आणि बॅगेत सगळ्याला चिकटतात.

हे लिहीत असतानाच आणखी एक गोष्ट सुचली. जुन्या दस्तऐवजांची दुरुस्ती करणारे लोक कागदाला पुन्हा साइझ देण्यासाठी मिथाइल सेल्युलोज वापरतात. ते वनस्पतिजन्य आहे, त्याला बुरशी आणि कीड सहसा लागत नाही, आणि ते स्वयंपाकघरातही चालेल. प्रिन्सेस स्ट्रीटवर रसायनांची दुकाने आहेत, शनिवारी तिथे शुद्ध प्रतीची छोटी बाटली मिळते का पाहणार आहे. त्यावर थर टिकला तर श्रावणाचे चित्रही राखीव कागद न फोडता करता येईल.

तोवर खळीचे सहा तुकडे तयार आहेत. नारळी पौर्णिमेला होड्या सजून पाण्यात जातील आणि ताडपत्री निघतील, म्हणून त्याआधीच्या रविवारी सकाळी सात वाजता बोर्ड, छत्री आणि ते सहा तुकडे घेऊन कोळीवाड्यात जायचे ठरवले आहे.