ट्रॅफिकमध्ये काटा वर, हायवेवर खाली : जुन्या गाडीचं हीटिंग कसं सापडलं

गाडी 2008 ची, पेट्रोल हॅचबॅक, आणि राहायला मी वाघबीळला, त्यामुळे घोडबंदर रोडची ट्रॅफिक रोजचीच. मे महिन्यात कापूरबावडीला अडकलो की टेंपरेचरचा काटा अर्ध्याच्या वर चढायचा, आणि एकदा ईस्टर्न एक्सप्रेसला लागलो की आपोआप खाली. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडायच्या आधीच निकाल दिला, "साहेब, हेड गॅस्केट गेलंय, हेड उतरवावं लागेल." (हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, गॅस्केट म्हणजे त्याच्याखालचं सील.) जुनी गाडी दिसली की यांना हेडच कसं आठवतं देव जाणे.

मला काय ते पटेना. काटा कधी चढतो त्यावरच अर्धं कळतं ना. उभ्या गाडीत चढतो आणि पळताना उतरतो म्हणजे पाणी फिरतंय, रेडिएटरही ठीक आहे, कमी पडतेय ती हवा, कारण पळताना ती समोरून फुकट मिळते पण सिग्नलला सगळी मदार पंख्यावर. हायवेला 80 च्या स्पीडला काटा चढला असता तर मी चोक झालेला रेडिएटर, थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) नाहीतर वॉटर पंप यांच्या मागे लागलो असतो.

तरी हेडची शंका नको म्हणून सकाळी इंजिन थंड असताना रेडिएटरची कॅप काढून गाडी चालू केली आणि आत बघत उभा राहिलो. (गरम गाडीची कॅप चुकूनही उघडू नका, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.) गॅस्केट फुटलेलं असलं की इंजिनातला गॅस पाण्यात शिरतो आणि बुडबुडे थांबतच नाहीत. इथे सुरुवातीला थोडे आले, मग शांत. ऑइल तपासायच्या डिपस्टिकवर दुधाळ काही नाही, म्हणजे ऑइलमध्ये पाणी नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही. हेडचा विषय संपला.

खरी गंमत पुढे. एसी लावला की काटा खाली यायचा! एसीने इंजिनवर लोड वाढतो, गाडी जास्त तापायला हवी, माझी थंड होत होती. बायको म्हणाली, मग एसी लावूनच चालव की, प्रॉब्लेम काय आहे. पण त्यातच उत्तर होतं. माझ्या गाडीत पंखा एकच, एसी लावला की तो फिरतो म्हणजे मोटर, फ्यूज, रिले सगळं चांगलं, फक्त पाणी तापल्यावर पंख्याला चालू हो म्हणून सांगणारा थर्मोस्विच गप्प बसलाय. खात्री करायला त्याचा प्लग काढला, प्लगच्या दोन पिनांमध्ये वायरचा तुकडा अडकवला, इग्निशन ऑन केलं, आणि पंखा घर्रकन सुरू. म्हणजे स्विचच मेलेला. पार्ट काही फार महाग नाही, हेडच्या कामाच्या तुलनेत तर काहीच नाही.

कॅप हातात होती म्हणून तीही नीट पाहिली, तर रबर कडक होऊन चिरलेलं आणि कडेला हिरवी खरपुडी. कॅपवर 0.9 असं छापलेलं असतं ते बारमधलं प्रेशर, तेवढं धरलं तर साधं पाणीसुद्धा 118 डिग्रीच्या आसपास उकळतं, नाही धरलं तर 100 लाच. बाटलीतलं कूलंट हळूहळू का कमी होतं तेही इथे कळलं. लगेच नवी टाकली.

स्विच बसवताना गॅरेजवाला परत म्हणाला, "थर्मोस्टॅट पण काढून टाकतो, ठाण्यात कुठे एवढी थंडी पडते." ठाम नाही म्हटलं. तो नसला की इंजिन तापायला वेळ लागतो, पेट्रोल जास्त पितं, आणि काही इंजिनांत बायपास (रेडिएटर टाळून जाणारा पाण्याचा रस्ता) उघडाच राहिल्यामुळे गरम पाणी रेडिएटरकडे न जाता तिथेच फिरत बसतं. कूलंट भरताना तो बोअरिंगच्या पाण्याची बादली घेऊन आला, त्यालाही थांबवलं, त्या पाण्याचे क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात. बाजूच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटर आणून कूलंटमध्ये अर्धं-अर्धं मिक्स केलं.

आता काटा अर्ध्याच्या खाली असतो, एसी बंद असला तरी. रेडिएटरचा खालचा होज (रबरी पाइप) मात्र दाबला की करकरतोय, त्याचा नंबर पुढच्या महिन्यात.