पाच बटे दोनची पाच फेब्रुवारी

बुधवार, रात्र

एक्सेलमध्ये जमिनीच्या गट नंबरच्या रकान्यात '०५-फेब'. तेवढंच दिसलं, आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही. फाइलमध्ये ५/२ होतं. पाच बटे दोन. गट पाच, हिस्सा दोन.

सीएसव्हीवर, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने तोडलेल्या साध्या मजकुराच्या फाइलवर, डबल क्लिक केलं की ती काही न विचारता उघडते आणि एक्सेल एकेक खाना स्वतःच्या अकलेने वाचतं. १२८/३ ला हात लावत नाही, कारण तशी तारीखच नसते. ५/२अ बचावतो तो त्या 'अ'च्या पुण्याईने. ५/२/१ ची मात्र ५ फेब्रुवारी २००१ होते. सगळा रकाना बिघडला असता तर पहिल्या नजरेत कळलं असतं. इथे चार गट शाबूत, पाचवा तारीख. एरर नाही, लाल खूण नाही. चूक गपचूप होते, हेच पचत नाही.

बरं, खाना 'टेक्स्ट' केला तर ५/२ परत यावं ना? येतं ४६०५८. १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरून मोजलेली ५ फेब्रुवारी २०२६. फाइलमध्ये नसलेलं चालू वर्ष त्याने पदरचं घातलेलं. कंट्रोल-झेड दाबून उपयोग नाही, आपण काही केलेलंच नसतं.

बँकेच्या खातेनंबरांचंही तेच. पुढची शून्यं गळतात. ती निदान मोजून परत लावता येतात. सोळा आकडी नंबराचा शेवटचा आकडा मात्र ० होतो, कारण एक्सेल आकड्यात पंधराच अंक धरून ठेवतं. तो सोळावा नुसता लपलेला नसतो, गेलेला असतो. पैसे कुणाच्या खात्यात… नको, झोप उडेल.

आणि हे सगळं माहीत असून डबल क्लिक केलं. माहीत नसतं तर एवढं लागलं नसतं.

रस्ता काही फार लांबचा नाही. कोरी शीट, डेटा टॅब, 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही'. फाइल ओरिजिनला ६५००१ म्हणजे यूटीएफ-८ ही अक्षरं साठवायची पद्धत, नाहीतर मराठी नावांचा à¤ होतो. डिलिमिटर, म्हणजे रकाने तोडणारं चिन्ह, बघायचा: पत्त्यात स्वल्पविराम असतील आणि पत्ता अवतरणचिन्हांत नसेल तर पुढचे रकाने सरकतात, म्हणून फाइल मागतानाच टॅब किंवा उभी रेघ मागितलेली बरी. डेटा टाइप डिटेक्शनला 'डू नॉट डिटेक्ट', मग लोड. खऱ्या तारखांचा रकाना तेवढा ट्रान्सफॉर्म डेटात जाऊन 'यूझिंग लोकेल'ने, म्हणजे तारीख कुठल्या देशाच्या पद्धतीने लिहिलीय ते सांगून, बदलायचा. अमेरिकन सेटिंगच्या मशीनवर नुसतं डबल क्लिकने उघडलं तर ३ एप्रिलचा ४ मार्च होतो आणि २५ एप्रिल तसाच टेक्स्ट राहतो. पुन्हा तेच, अर्धं बरोबर. ओळखायची खूण एकच: टेक्स्ट खान्यात डावीकडे टेकतं, तारीख आणि आकडा उजवीकडे. अर्थात कुणी रकाना मध्यभागी आणून सजवला नसेल तर. (सजवलेला होता.)

जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये 'मार्च१'चं 'मार्चएफ१' केलं, 'सेप्ट१'चं 'सेप्टिन१'. एक्सेल त्यांच्या तारखा करत होतं म्हणून! माणसाची जनुकं नाव बदलून मोकळी झाली. मग एक्सेलनेही २०२३ मध्ये ऑप्शन्समध्ये आपोआप बदल बंद करायची सोय दिली. पण त्यातला तारखांचा टिक अक्षरं आणि आकडे मिळून होणाऱ्या तारखांपुरता. 'मार्च१' बचावेल, आमचा ५/२ नाही. सातबाऱ्याच्या वाट्याला कोण येतंय. हसू आलं खरं.

सगळ्यात वाईट म्हणजे मध्येच सेव्ह झालं होतं. सीएसव्हीत पडद्यावर दिसतं तेच लिहिलं जातं, त्यामुळे आता मूळ फाइलीतच '०५-फेब' आहे. उद्या परत मागायला हवी. भाऊसाहेब म्हणतील, परवाच तर दिली होती.