'माझ्याकडे तर चालतंय'

स्मरणिकेची फाइल नागपुरात सीताबर्डीच्या प्रेसला द्यायची होती. एका मोफत, मुक्तस्रोत ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये 'वऱ्हाड' शोधलं, तर निम्मे सापडले. उरलेले डोळ्यांसमोर, पण सॉफ्टवेअर म्हणे नाहीतच.

भानगड अशी, की 'ऱ' दोन तऱ्हांनी साठवता येतो. एकतर युनिकोडचा (संगणकात प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीचा) एकच संकेत ०९३१, नाहीतर साधा र (०९३०) आणि त्यापुढे नुक्ता, म्हणजे अक्षराखालचा टिंब (०९३सी). युनिकोडच्या लेखी दोन्ही समतुल्य, पण हे सॉफ्टवेअर शोधताना दोन्ही वेगळे धरतं. लेखकांनी मजकूर कुठून कुठून टाइप करून पाठवलेला, त्यामुळे फाइलीत खिचडी.

बगझिलावर, म्हणजे सॉफ्टवेअरमधले दोष नोंदवायच्या प्रणालीवर, खातं काढलं, तक्रार टाकली. मोझिलासाठी १९९८ साली बनलेली ही प्रणाली मोठे प्रकल्प अजून वापरतात, त्यात अवघड काही नाही. पुढे मात्र तक्रार 'अनकन्फर्म्ड', म्हणजे खात्री न झालेली, म्हणून पडून. दुसऱ्या कुणी तोच दोष पाहिल्याशिवाय ती पुढे सरकत नाही. कूलर उतरवून ठेवायची वेळ आली तेव्हा 'नीडइन्फो', म्हणजे आणखी माहिती हवी, असं लागलं: आवृत्ती कोणती? पहिल्याच ओळीत लिहिली होती हो! सांगितली. मग थेट 'वर्क्सफॉरमी', म्हणजे माझ्याकडे चालतंय, तक्रार बंद. डोकंच फिरलं. तपासणारे बहुतेक स्वयंसेवक असतात हे मान्य, पण मराठीची फाइल उघडून तरी बघावी की नाही?

उलगडा महाल भागातल्या मित्रानं केला. "अबे, त्यानं तुझ्याच तक्रारीतला शब्द उचलून कागदावर टाकला अन् तोच शोधला. सापडणारच ना!"

मग दोन ओळींची फाइल जोडली, वर एक रूप, खाली दुसरं, शेजारी संकेत. (अक्षरानंतर कर्सर ठेवून ऑल्ट-एक्स दाबलं की संकेत दिसतो.) 'पहिल्या ओळीतला शब्द कॉपी करून शोधा, दुसरी ओळ सापडत नाही' एवढंच लिहिलं. मित्रानंही त्याच्या मशीनवर पाहून तसं नोंदवलं. तक्रार पुन्हा उघडली, 'न्यू' झाली, म्हणजे दोष खरा असल्याचं मान्य झालं.

आणि लगेच 'डुप्लिकेट'! याच जातीची जुनी तक्रार आधीपासून होती, दुसऱ्या लिपीबद्दलची. म्हणून आधी शोधायचं, बंद झालेल्या तक्रारींतही, आणि फक्त मराठी शब्द घालून नाही. डुप्लिकेट झाल्याचं वाईट वाटून घेऊ नका, आपली फाइल जुन्या तक्रारीला जोडा. मी जोडली. ती तक्रार अजून उघडीच आहे. तोवर प्रेसला फाइल देण्याआधी शोधा-आणि-बदला वापरून सगळे ऱ एकाच रूपात आणतो.