काल नोवु

सासवडच्या तळावर पहिल्या रात्री एक अज्जी आमच्या टेबलापुढे येऊन बसल्या. हिरवं इरकल लुगडं, कपाळाला बुक्का, गळ्यात तुळशीची माळ, चपला हातात. डावा पाय पुढे करून म्हणाल्या, "काल नोवु."

मी ऐकलं, 'काल नव्हतं'. म्हणजे दुखणं आजच सुरू झालं असणार. चिठ्ठीवर 'एक दिवस' असं लिहिलं, टाच पुसली, मलम लावलं, पट्टी बांधली आणि रांगेतल्या पुढच्या बाईंना बोलावलं. मागे साठ-सत्तर माणसं उभी होती. अज्जींनी उठताना वाकून माझ्या पायांना हात लावला. मी मागे सरकले. सत्तरी ओलांडलेली बाई आपल्या पाया पडते हे मला सहन होईना. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरलेला मला दिसला.

त्या एका भेटीत मी दोन चुका केल्या होत्या, आणि दोन्ही कळायला मला त्यांच्याबरोबर चालावं लागलं.

मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. ज्ञानेश्वर माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते आणि दुसऱ्या दिवशी पुण्यात येते. दोन रात्री शहर भरून जातं. मी ते लहानपणापासून पाहत आले, पण कायम रस्त्याच्या कडेला उभी राहून. यंदा रुग्णालयातल्या आम्ही बारा जणांनी ठरवलं, की पुढच्या काही मुक्कामांवर वारकऱ्यांचे पाय तपासायचे, फोड-जखमा बांधायच्या, पोटऱ्या चोळून द्यायच्या. आमच्यात केरळची एक परिचारिका होती. चार वर्षं पुण्यात राहूनही वारी तिने कधी जवळून पाहिली नव्हती. खरं तर मीही पाहिली नव्हती, पण मराठी असल्यामुळे मला ती माहीत आहे असं मी धरून चालले होते.

पुणे ते सासवड हा सगळ्यात लांबचा टप्पा, तीस किलोमीटरच्या वर. त्यात दिवे घाटाचा चढ. आणि त्या दिवशी असते ज्येष्ठ वद्य एकादशी. म्हणजे लाखो माणसं घाट चढतात ती उपाशीपोटी. घाटाच्या पायथ्याशी एका मावशींना भोवळ आली. मधुमेहाची गोळी सकाळी घेतलेली, पोटात फक्त चहा. आमच्यातल्या एकाने त्यांना स्पष्ट सांगितलं, "मावशी, उपास मोडा, नाहीतर चालू नका." मावशी शांतपणे उठल्या, डोक्यावर तुळस ठेवली आणि चालू लागल्या. आम्ही बघत राहिलो. तेवढ्यात मागून येणाऱ्या एका दिंडीतले पागोटेवाले काका थांबले. खिशातून गूळ-शेंगदाण्याची पुडी काढून त्यांनी मावशींच्या हातावर ठेवली, शेजारच्या बाईला केळं द्यायला लावलं आणि त्यांना कडेला बसवून दहा मिनिटं स्वतः शेजारी बसले. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "उपास मोडा म्हणू नगा. उपासाचं काय खाल्लंत, ते इचारा."

रागावून नव्हे, शिकवणाऱ्या माणसाच्या सुरात. त्यानंतर दिवसभर आम्ही प्रत्येक एकादशीकऱ्याला तोच प्रश्न विचारला आणि एकानेही उठून जायची वेळ आली नाही.

सासवडला पालखी दोन रात्री असते. दुसऱ्या संध्याकाळी तेच काका आमच्या तंबूत आले. ते चिकोडीकडच्या एका दिंडीचे विणेकरी. सीमाभागातली दिंडी, निम्मी माणसं मराठी बोलणारी, निम्मी कन्नड. म्हणाले, "ताई, कालची पट्टी आमच्या अज्जीनं पहाटं सोडून टाकली. तुमी टेबलामागं बसून पाय धरता. चार दिवस आमच्यासंगं चाला की."

आम्ही दोघी गेलो, मी आणि केरळची मैत्रीण.

पट्टी का सोडली ते पहिल्याच पहाटे कळलं. तीन वाजता टँकरच्या नळाखाली बायांची अंघोळ सुरू होते, थंड पाण्याने, अंगावरच्या लुगड्यानिशी. अंघोळीशिवाय काकड्याला कुणी बसत नाही. रात्री नऊला आम्ही बांधलेली प्रत्येक पट्टी सहा तासांत भिजून चिंब होत होती आणि त्या ओल्या पट्टीवर माणसं पंधरा-वीस किलोमीटर चालत होती. जखम बरी होणार कशी? पुस्तकात लिहिलेलं असतं, पट्टी कोरडी ठेवा. कोरडी कुठे ठेवायची, तेही टेबलामागे बसून समजत नाही. त्या दिवसापासून आम्ही वेळ बदलली. रात्री फक्त जखम धुऊन उघडी ठेवायची आणि पट्टी पहाटे साडेतीनला, अंघोळीनंतर, पाय पुसून बांधायची. मागे तळावर राहिलेल्या सोबत्यांनाही फोन करून सांगितलं.

त्याच पहाटे अज्जींचा पाय कंदिलाजवळ नीट पाहिला. काका दुभाषी म्हणून बसले. 'कालु' म्हणजे पाय. 'नोवु' म्हणजे दुखणं. घर सोडायच्या आधी पेरणीच्या घाईत टाचेच्या भेगेत बाभळीचा काटा रुतला होता आणि अर्धा आतच मोडला होता. दहा दिवस झाले होते. मी त्याच्यावर मलम लावून पट्टी बांधली होती. मैत्रिणीने चिमट्याने काटा काढला, तो बोटाच्या पेराएवढा निघाला. अज्जींनी हूं की चूं केलं नाही. मला मात्र तो काटा बघवेना. दहा दिवस ही बाई तसंच पाऊल टाकत होती आणि मी एका शब्दाच्या आवाजावर विसंबून 'एक दिवस' लिहून मोकळी झाले होते. दुसऱ्याची भाषा येत नाही ही काही चूक नव्हे. येत नसताना आपल्याला समजलं असं मानणं, ही चूक.

"इतके दिवस कुणाला सांगितलं का नाही?" मी विचारलं. काकांनी विचारून उत्तर सांगितलं. सांगितलं असतं तर ट्रकमध्ये बसवलं असतं. एक टप्पा गाडीत बसलं की तिची वारी मोडते.

चालताना मला एक गोष्ट फार नवलाची वाटली. अज्जींना मराठीत दोन वाक्यं बोलता येत नव्हती, पण हरिपाठ सगळा तोंडपाठ. संध्याकाळी टाळ सुरू झाला की त्या डोळे मिटून अस्सल मराठीत म्हणत, एक अक्षर चुकत नसे. त्यांच्या आईलाही असंच येत असे म्हणे. आपण पंढरीचा विठोबा आपला म्हणतो, पण पलीकडे कन्नडमध्ये पुरंदरदासांनी त्याच विठ्ठलाला आळवलं, हंपीला त्याचं भव्य मंदिर आहे. आणि माउलींच्या सोहळ्यातले अश्व येतात कुठून? बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून, शितोळे सरकारांकडून, चालत आळंदीपर्यंत. 1832 मध्ये हैबतबाबा आरफळकरांनी सोहळ्याला आजचं रूप दिलं, तेव्हापासूनची ही परंपरा. अंकली चिकोडी तालुक्यातली. अज्जी मोठ्या तोऱ्यात छातीवर हात ठेवून सांगत, "नम्म कुदरी." आमचा घोडा.

मैत्रीण मला प्रश्न विचारत राहायची आणि निम्म्यांची उत्तरं माझ्याकडे नसायची. टाळ वाजवताना पाऊल मागे का घेतात? सगळ्यांना 'माउली'च का म्हणायचं, नाव का विचारत नाहीत? मी काकांकडे बोट दाखवायची. नाव विचारलं की आडनाव येतं, आडनाव आलं की जात येते, म्हणून माउली, असं काका म्हणाले. हे मला इतकी वर्षं मराठी असून कुणी सांगितलं नव्हतं, किंवा मी विचारलंच नव्हतं. मैत्रीण ख्रिस्ती आहे. तिच्या गावच्या चर्चमध्ये ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात. ती लहान असताना तिच्या वडिलांचे पाय असे धुतले गेले होते आणि वडील रडले होते. पाया पडण्याचा अर्थ तिला माझ्याआधी समजला. कुणी वारकरी तिच्या पायांना हात लावू लागला की ती मागे सरत नसे. तीही वाकायची आणि त्याच्या पायांना हात लावायची. बस्स, एवढंच करायचं होतं. सासवडच्या रात्री मी मागे सरकले तेव्हा अज्जींना वाटलं होतं, त्यांनी हात लावलेला मला चालत नाही. ही माझी दुसरी चूक. वाल्ह्याच्या तळावर मी त्यांच्या पाया पडले आणि त्यांना माझ्या पडू दिलं. मनातून अजूनही अवघड जात होतं, हे लिहिलंच पाहिजे.

दिंडीत राहायचं तर दिंडीचं काम करायचं. आम्हांला भांडी दिली. शंभर माणसांची पातेली राखेने घासताना हात सोलून निघाले. तीन दिवसांत मला कळलं की आमची 'सेवा' आम्हांला सोयीची होती. वेळ आमची, जागा आमची, काम आम्हांला येतं ते. इथे काम दुसऱ्याने नेमून दिलेलं आणि चुकलं तर परत घासायचं. भांडी घासायला लागल्यावर बाया माझ्याशी बोलू लागल्या. गुडघ्याचं, गर्भाशयाचं, घरात होणाऱ्या मारहाणीचं. टेबलापुढे यांतलं एकही दुखणं आलं नव्हतं.

नीरेला पादुकांना स्नान झालं आणि पूल ओलांडून सोहळा सातारा जिल्ह्यात, लोणंदला आला. संध्याकाळी समाजआरती. हजारो टाळ एकाच वेळी वाजत असतात. चोपदार दंड वर करतो आणि एका क्षणात सगळं शांत. पण ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ थांबवत नाही. एवढ्या शांततेत तेवढेच टाळ वाजत राहतात, मग चोपदार तिकडे जाऊन गाऱ्हाणं ऐकतात. हरवल्या-सापडल्याचं सांगतात, उद्याची निघायची वेळ सांगतात. ना लाऊडस्पीकरवर भांडण, ना अर्ज. ज्याचं काही म्हणणं आहे त्याला ऐकू येईल एवढी शांतता बाकीच्यांनी करून द्यायची, ही रीत मला वारीतल्या कुठल्याही दृश्याहून मोठी वाटते.

लोणंदचा तळ सुटल्यावर आम्ही दोघी मागे थांबलो, साफसफाईला. पत्रावळी, चहाचे कप, चिखलात रुतलेल्या चपला. तिथे काम करणाऱ्या एका सफाई कर्मचारी ताईला मी विचारलं, तुम्ही कधी वारीला गेलात का? ती म्हणाली, "वारी दारातनं जाते ना, ताई. पण त्या दिवसांत आम्हांला सुट्टी मिळत न्हाई. मागनं झाडत जायाचं." मला यावर काही बोलता आलं नाही. चोखोबांची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर, पायरीपाशी आहे, बाहेर. ते दार त्यांच्या लोकांना उघडावं म्हणून साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात प्राणांतिक उपोषण करावं लागलं. 'माउली' म्हटल्याने सगळं मिटतं असं मी लिहिणार नाही. मिटलेलं नाही. दुपारपर्यंत आम्ही तिच्याबरोबर झाडलं आणि तिच्या डब्यातली भाकरी तिघींनी खाल्ली. मग टेम्पोने दिंडी गाठली.

चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं. अश्व दौडत गेला तसे लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला धावले. अज्जींनी मूठभर माती आणली. स्वतःला लावली, मला लावली, मैत्रिणीला लावायच्या आधी मात्र थांबल्या आणि तिच्या गळ्यातल्या क्रुसाकडे पाहून माझ्याकडे बघितलं. विचारत होत्या, चालेल का? मी तिला विचारलं. तिने कपाळ पुढे केलं. विचारायला थांबलेल्या अज्जींचा तो हात मला अजून दिसतो.

फलटणला आमची रजा संपली. त्या सकाळी अज्जींच्या टाचेची जखम कोरडी होती. मी काकांना औषधं समजावून दिली, पट्ट्या दिल्या. पाहते तर अज्जी शेजारच्या बाईचा पाय मांडीवर घेऊन, आधी नीट पुसून, बोटांच्या मधली जागासुद्धा पुसून, पट्टी बांधत होत्या. मला बघून म्हणाल्या, "चलो?" मला वाटलं, निघा म्हणताहेत. पण तोवर मी विचारायला शिकले होते. काका म्हणाले, "चलो म्हंजे चांगलं, आमच्या तिकडच्या कन्नडात. बरोबर बांधली का, इचारत्यात."

आषाढी एकादशीच्या दुपारी काकांचा फोन आला. पंढरपूरची गर्दी, टाळ, गलका. त्यांनी फोन अज्जींकडे दिला. पलीकडून आवाज आला, "कालु चलो ऐति."

या वेळी कुणाला विचारावं लागलं नाही. मी म्हटलं, "चलो, अज्जी, चलो."