खाशाबांच्या शेजारी कोण उभं होतं?

आमच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत एक दिवस खेळासाठी ठेवायचा, हे खाशाबा जाधवांच्या जन्मशताब्दीमुळे ठरलं. खाशाबांचं गाव गोळेश्वर आमच्या कराडला लागूनच, त्यामुळे त्यावर दुमत व्हायचं कारणच नव्हतं. वाद झाला तो वक्त्यावरून. कार्यकारिणीतल्या बहुतेकांना नावाजलेला खेळाडू हवा होता, त्यातही क्रिकेटपटू मिळाला तर उत्तमच. मी म्हटलं, आंतरराष्ट्रीय संबंध शिकवणारं कुणीतरी बोलवू या. आमचे ज्येष्ठ कार्यवाह अण्णा चकित झाले. "ताई, खाशाबांच्या कार्यक्रमात परराष्ट्र धोरण कशाला?"

प्रश्न रास्त होता. कनिष्ठ महाविद्यालयात मी इतकी वर्षं राज्यशास्त्र शिकवलं, पण कुस्ती आणि परराष्ट्र धोरण एका तासाला कधी आणले नव्हते.

खाशाबांची गोष्ट आमच्याकडे पोराटोरांना पाठ आहे. हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं, गावोगावी वर्गणी गोळा झाली. २३ जुलै १९५२ रोजी फ्रीस्टाइलच्या ५७ किलो गटात कांस्यपदक मिळालं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ते परतले तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. सगळं खरं, आणि सांगावं तितकं थोडं. पण त्या गटात त्यांच्या पुढे कोण होते, हे आम्ही कधी विचारत नाही.

सुवर्ण जपानच्या शोहाची इशी यांना मिळालं. १९४८च्या लंडन ऑलिंपिकला जपानला बोलावलंच नव्हतं. महायुद्धातल्या पराभवानंतर उन्हाळी ऑलिंपिकमध्ये त्या देशाला पुन्हा प्रवेश मिळाला तो हेलसिंकीत, आणि तिथलं त्यांचं एकमेव सुवर्ण म्हणजे इशींचं हे. रौप्य सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव यांना. सोव्हिएत संघ तर ऑलिंपिकमध्येच पहिल्यांदा उतरत होता, आणि त्यांचे खेळाडू पूर्व युरोपातल्या मित्रदेशांच्या खेळाडूंबरोबर वेगळ्या ठिकाणी राहत होते. तिसरे आपले खाशाबा, पाच वर्षांच्या स्वतंत्र देशाचे. युद्ध हरलेला देश, नवी महासत्ता आणि नुकताच स्वतंत्र झालेला देश एका वजनगटाच्या निकालात एकाखाली एक आले. मी हे मांडलं तेव्हा बैठक काही वेळ फक्त त्यावरच बोलत राहिली. खाशाबांचा पराक्रम यामुळे उणा होत नाही. उलट ते कोणत्या जगात उतरून लढले, हे कळल्यावर तो मला अधिक मोठा दिसतो.

खेळाडूंना बोलवूच नये, असं मला म्हणायचं नाही. आखाड्यात काय वाटतं ते खेळाडूच सांगू शकतो. पण आखाड्यात कुणाला उतरू द्यायचं, कुणाला व्हिसा द्यायचा, कुणाशी खेळायचं नाही, हे निर्णय तो घेत नाही. ते सरकारं घेतात, महासंघ घेतात, आणि त्यामागची पत्रं व टिपणं वाचणारा माणूस वेगळा असतो. आम्हाला तो माणूस हवा होता.

पुष्कळ शोधाशोध केल्यावर दिल्लीत हा विषय शिकवणाऱ्या एका मराठी प्राध्यापिका सापडल्या. त्यांना पाठवायच्या पत्राचा मसुदा अण्णांनी नेहमीच्या पद्धतीने केला होता: 'आपण येऊन श्रोत्यांना मार्गदर्शन करावे.' मी विनंती करून तो बदलला. अभ्यासकाला मार्गदर्शन मागू नये, प्रश्न द्यावा. प्रश्न पाहून त्याला कळतं की समोरची माणसं खरोखर ऐकणार आहेत. मानधन, प्रवास, मुक्काम, वेळ हे सगळं पहिल्याच पत्रात स्पष्ट लिहिलं, आणि बाकीचं पान प्रश्नांना दिलं.

पहिला प्रश्न जकार्ताचा. १९६२च्या आशियाई खेळांना यजमान इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवान यांच्या खेळाडूंना येऊ दिलं नाही. आशियाई खेळांच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या गुरुदत्त सोंधी यांनी त्याला विरोध केला, तर जमावाने तिथल्या भारतीय दूतावासावर हल्ला केला. त्याच वातावरणात चुनी गोस्वामींचा संघ फुटबॉलची अंतिम लढत खेळला. अख्खं मैदान विरोधात, आणि आपण दक्षिण कोरियाला २-१ असं हरवून सुवर्ण जिंकलं. डोक्याला जखम असताना जर्नेलसिंगने गोल केला. पुढच्या वर्षी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने इंडोनेशियाला निलंबित केलं, तर इंडोनेशियाचे अध्यक्ष सुकार्नो यांनी नव्या राष्ट्रांचे वेगळेच खेळ भरवले, त्यात चीन हिरिरीने उतरला. मी विचारलं: अलिप्ततावादी मित्र म्हणवणारे दोन देश खेळाच्या मैदानावर इतके दुरावले, ते कशामुळे?

दुसरा प्रश्न पुण्याशी जोडलेला. १९७४मध्ये भारताने पुण्यात सोव्हिएत संघाला हरवून टेनिसच्या डेव्हिस करंडकाची अंतिम फेरी गाठली. समोर होती दक्षिण आफ्रिका. वर्णद्वेषी राजवटीशी भारताने १९४६मध्येच व्यापार तोडला होता. सरकारने खेळायला नकार दिला आणि करंडक न खेळता त्यांच्याकडे गेला. विजय आणि आनंद अमृतराज ऐन भरात होते. त्या नकाराची किंमत त्या दोन तरुणांनी मोजली, हे मला आजही टोचतं. तरीही तो निर्णय योग्यच होता, असं मी वर्गात सांगत आले आणि आजही सांगेन.

पत्र मिळाल्यावर बाईंचा फोन आला. आधी त्यांनी श्रोते कोण असतात ते विचारलं. मी सांगितलं, निवृत्त शिक्षक, बँकेतली माणसं, कॉलेजची मुलं, आणि या वेळी तालमीतले पैलवानही. मग त्या म्हणाल्या, "खेळामुळे देश जवळ येतात, असं गोड भाषण मी करणार नाही. चालेल ना?" मी म्हटलं, बाई, तेवढ्यासाठीच तुम्हाला बोलावतोय. लोक दुबईबद्दल विचारणारच, हेही आधीच सांगून टाकलं. पहलगामच्या हल्ल्यानंतर सप्टेंबर २०२५मध्ये दुबईत आशिया चषकात आपल्या खेळाडूंनी पाकिस्तानच्या खेळाडूंशी हस्तांदोलन केलं नाही, जिंकलेला चषक मोहसिन नक्वींच्या हातून घेतला नाही. नक्वी पाकिस्तानचे गृहमंत्री, तिथल्या क्रिकेट मंडळाचे आणि आशियाई क्रिकेट परिषदेचेही अध्यक्ष. यावर आमच्या गावात घराघरात दोन मतं आहेत. खेळायचंच नाही हा १९७४चा मार्ग, आणि खेळायचं पण हात मिळवायचा नाही हा २०२५चा. या दोहोंत सरकारने काय बदललं, खेळाडूवर काय सोपवलं, हे कुणीतरी आवाज न चढवता उलगडून दाखवायला हवं. टीव्हीवर ते होत नाही. व्याख्यानाच्या सभागृहात होऊ शकतं, म्हणूनच माझा एवढा आग्रह.

बाईंनी होकार दिला. व्याख्यानाइतकाच वेळ प्रश्नोत्तरांना हवा, अशी त्यांची अट आहे आणि आम्ही ती आनंदाने मानली. प्रश्न आधी लेखी घेतोय. पहिली चिठ्ठी अण्णांचीच आली. जपानी मल्लाशी लढून झाल्यावर खाशाबांना विश्रांती न देता लगेच सोव्हिएत मल्लासमोर उभं केलं, आणि हरकत घ्यायला आपला एकही अधिकारी तिथे नव्हता, असं आमच्याकडे सांगतात. अण्णांनी विचारलंय: ते अधिकारी त्या वेळी कुठे होते, याची नोंद दिल्लीच्या सरकारी कागदांत सापडेल का? चिठ्ठी मी त्याच दिवशी बाईंना पाठवून दिली, म्हणजे शोधायला त्यांना वेळ मिळेल.