तुम्ही विचारलंत म्हणून: पगार तोच, मग दुखतं कुठे?

लग्नात, जत्रेत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, सगळीकडे हेच: "फॅक्टरीची कंपनी झाली, पण पगार तोच, गेट तेच. मग तुमचं दुखतं कुठे?"

मी दारूगोळ्याच्या फॅक्टरीत डीबीडब्ल्यू, म्हणजे डेंजर बिल्डिंगचा कामगार. 1 ऑक्टोबर 2021ला संरक्षण खात्याच्या 41 ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांच्या 7 सरकारी कंपन्या झाल्या आणि आम्ही 'डीम्ड डेप्युटेशन'वर गेलो: नोकर सरकारचे, काम कंपनीत, तेही ठरावीक मुदतीपुरतं. नाव माहेरचं, नांदायचं सासरी. मुदत संपत आली की वाढीच्या आदेशाकडे डोळे लावून बसायचं.

त्या वर्षीची खंडेनवमी मात्र सांगतोच. आमच्या बिल्डिंगमध्ये उदबत्ती, कापूर चालत नाही. दाराशी तांब्याच्या पट्टीला हात लावून अंगातली स्टॅटिक वीज उतरवायची, मगच आत. दारावर रंगवलेलं असतं: आत जास्तीत जास्त माणसं इतकी, स्फोटक इतकं. म्हणून हत्यारं बाहेर आणून टेबलावर मांडतो. हळदकुंकू, झेंडू, झाली पूजा. त्या वर्षी नारळ फोडायला कुणी पुढे होईना. फॅक्टऱ्यांच्या कंपन्या करण्याविरुद्ध 26 जुलैपासून बेमुदत संप ठरला होता. त्याआधीच, 30 जूनला अध्यादेश आला: संपावर गेलात तर वर्षभर कैद किंवा 10 हजार दंड, किंवा दोन्ही. चिथावलंत तर 2 वर्षं. संप बारगळला. आता नारळ फोडायचा तो कशाच्या नावानं? युनियनवाले जमिनीकडे बघत उभे. शेवटी कँटीनच्या पोरानं फोडला. तो कंत्राटी, त्याला काय! दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, पंतप्रधानांनी सातही कंपन्या राष्ट्राला अर्पण केल्या. टीव्हीवर पाहिलं.

जुनं सगळं सोन्याचं होतं असं नाही. मार्चअखेरची टार्गेटची मारामार तेव्हाही होतीच. दर्जाबद्दलच्या, किमतीबद्दलच्या लष्कराच्या तक्रारीही सगळ्याच काही खोट्या नव्हत्या. गेटवर आम्ही "खासगीकरण" म्हणून घसा फोडला. आज शंभर टक्के शेअर सरकारकडेच आहेत. म्हणजे उगाच ओरडलो? तसं म्हणायला जीभ रेटत नाही. तेव्हा भरलेला शेल बहुतेक आपल्याच तोफेत जाणार हे न विचारता ठाऊक असायचं. आता निर्यातीच्या ऑर्डरी वाढल्यात. पेटी कुठल्या लढाईत उघडणार, आम्हाला कोण सांगणार? मुलगा म्हणतो, "बाबा, ऑर्डर आहे म्हणून काम आहे." बरोबर बोलतो.

हल्ली डीबीडब्ल्यूच्या जाहिराती ठरावीक मुदतीच्या कंत्राटावर निघतात. मुलाला म्हटलं, भरतोस का फॉर्म? तर नुसता हसला.