उष्टा पेरू

आज गावच्या घरी परसात भाचा अर्धा कुरतडलेला पेरू उचलून तोंडात घालणार तेवढ्यात मी ओरडले, आणि आई माझ्यावरच वैतागली, "अगं पोपटाने खाल्लेला गोड असतो!" लहानपणी आम्हीपण तेच खायचो म्हणा. पण संध्याकाळी त्याच झाडावर वटवाघळं घिरट्या घालताना दिसली म्हटल्यावर माझ्या डोक्यात निपाह सुरू, तो वटवाघळांकडून माणसांत येणारा जीवघेणा विषाणू.

मलेशियात 1998-99 ला हेच झालं ना, डुकरांच्या फार्मजवळ आंब्याची झाडं, वटवाघळांनी अर्धवट खाल्लेली फळं खाली पडली, ती डुकरांनी खाल्ली, डुकरं आजारी आणि मग त्यांना सांभाळणारी माणसं, 100 च्या वर माणसं गेली आणि 10 लाखांच्या आसपास डुकरं मारावी लागली. बांगलादेशात तर मधे डुक्करपण नाही, रात्री खजुराच्या रसाच्या मडक्यावर वटवाघळं येतात, रस चाटतात, त्यातच मुततात (सॉरी), आणि सकाळी लोक तो रस कच्चाच पितात. तिथे आता काहीजण मडक्यावर बांबूची झडप बांधतात, साधासा उपाय.

आणि आपल्याकडे? महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत पुण्याच्या एनआयव्हीला (राष्ट्रीय विषाणू संस्था) निपाहच्या अँटीबॉडीज, म्हणजे लागण होऊन गेल्याच्या खुणा, सापडल्यात, मार्च 2020 चे नमुने. माणसाला महाराष्ट्रात झाल्याचं ऐकिवात नाही तेव्हा घाबरू नका, आणि प्लीज झाडं तोडून वटवाघळं हाकलत बसू नका, बिचारी बिया पसरवतात, आणि घर गेलं की आपल्याच परसात येणार ना.

भाचा अजून रुसलाय. धुतलेला पेरू दिला तर म्हणे हा गोड नाही 😄